घरकुल अर्ध्यावर राहू नये म्हणून



भिंती खिडकीपर्यंत चढल्या अन् काम तिथेच थांबले, असे घरकुल तुम्ही पाहिले असेल. अनुदान मंजूर झाले, पण घर काही झाले नाही. हे कसे टाळावे, ते आज पाहू.

मदत किती? 1985-86 मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. 2016 पासून तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आहे. सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. 2025 मध्ये राज्य शासनाने 50 हजारांची भर घातली. त्यातले 15 हजार छतावरील सौर संचासाठी आहेत. शौचालयाचे 12 हजार वेगळे.

कोणाला मिळते? ज्यांना घर नाही किंवा कच्चे घर आहे त्यांना. मात्र 2024 च्या नियमांप्रमाणे अडीच एकर ओलीत किंवा पाच एकर कोरडवाहू जमीन असणारे, ट्रॅक्टर असणारे, तसेच 50 हजार वा त्याहून जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असणारे यात बसत नाहीत. यादी ग्रामसभेत वाचली जाते, तेव्हा ग्रामसभेला हजर राहावे. परतवाडा-अचलपूर शहरात राहणाऱ्यांची योजना वेगळी आहे. त्यांनी नगर परिषदेत विचारावे.

आता मुख्य गोष्ट. ही रक्कम एकदम हाती पडत नाही. पायवा, लिंटेल, छत असे काम पुढे सरकते, त्याचा जागेवर फोटो निघतो, मग पुढचा हप्ता बँकेच्या खात्यात येतो. म्हणजे काम आधी, पैसा मागून. म्हणून या चार गोष्टी सांभाळा.

1. घर बेताचे बांधा. नियमाने किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट हवे. स्वयंपाकाची जागा त्यातच येते. शेजाऱ्याचे पाहून दुप्पट पायवा घातला, तर अनुदान जमिनीतच जिरते आणि छताला सावकार गाठावा लागतो. पुढे वाढवायला जागा सोडा. खोली मागाहून काढता येते.

2. पायवा मुरमापर्यंत न्या. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वावरात दिसते तेच घराखालीही होते. वरवरच्या पायव्यावरची भिंत तडकते. मुरूम फार खोल असेल तर पंचायत समितीच्या अभियंत्याला विचारूनच काम धरा.

3. वेळ साधा. कापूस, तूर विकून हाती थोडा पैसा असतो तेव्हा काम सुरू करा आणि मृगाच्या आत छत टाका. मंजुरीपासून 12 महिन्यांत घर पुरे व्हावे, असा नियम आहे.

4. हप्ता मोडू नका. पहिला हप्ता बियाण्यात किंवा लग्नात गेला, की पायवा होत नाही. पायवा नाही, तर दुसरा हप्ताही नाही.

या योजनेत ठेकेदाराला जागा नाही. मिस्त्री तुम्हीच ठरवा, सिमेंट-लोहा स्वतः पाहून घ्या. नाव लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. सरळ गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

घर लहान असले तरी चालेल, पण छतापर्यंत गेलेले असावे. पावसात लेकरंबाळं कोरडी राहिली, की अनुदान कामी आले म्हणायचे.