लोंकरीच्या उपरण्याच्या दशा

वस्त्र विणून पुरें झालें कीं विणकराचें काम संपलें, असा सामान्य समज आहे. वास्तविक पाहतां नाजूक सुताच्या वस्त्राचा घात बहुधा याच घटकेला होतो. मागावरील उभे धागे कापतांच शेवटाजवळचें आडवें सूत मोकळें होतें आणि थोड्याच वापरांत बोटबोट वीण उसवूं लागते. तें आवरण्यासाठीं उभ्या धाग्यांचीं जीं टोंकें लांब राखतात, त्यांनाच दशा म्हणतात. हा शब्द मूळचा संस्कृत. तेथें दिव्याच्या वातीलाही तेंच नांव आहे. शुद्ध द्वितीयेच्या चंद्राला अंगावरील वस्त्राची दशी वाहण्याचा प्रघात पुष्कळांना ठाऊक असेल.

नीरा-बारामती रस्त्यावरील वडगांव निंबाळकर व त्याच्या आसपासचा मुलूख कमी पावसाचा. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, तरी धनगरांचीं मेंढरें या भागांतून गेलेलीं नाहींत. दख्खनी मेंढीची लोंकर काळसर व राठ असते. तिचीं घोंगडीं विणणें हा सणगरांचा पिढीजात धंदा. परंतु कोकराची पहिली कातरण, जिला जावळ म्हणतात, ती पुष्कळच मऊ. तिच्या एकेरी सुताचें उपरणें मानेला टोंचत नाहीं. मात्र तें सूत झटका सोसत नाहीं. चरख्यावर दिवसेंदिवस बसून तें कातणाऱ्या बाईचे श्रम शेवटच्या तासाच्या घाईनें वायां जावे, याहून वाईट तें काय!

म्हणून वस्त्र मागावर ताणलेलें असतांनाच त्याच आडव्या सुतानें, सुईच्या साहाय्यानें, तीन-तीन चार-चार उभे धागे एकत्र वेढून शेवट बांधून घ्यावा. उभ्या सुताला दिलेली चिंचोक्याची खळ अजून धुऊं नये. तीच या वेळीं धाग्याचा आधार. चार बोटें दशा हवी असेल तर सहा बोटें धागा राखून मग कापावें, कारण उरलेला पिळांत व गाठींत जातो.

आतां खरी मेख पिळाची आहे. प्रथम एक धागा बोटांत फिरवून तो कातणारीनें कोणत्या बाजूस पिळला आहे तें पाहावें. शेजारचे दोन पुंजके दोन हातांत घेऊन प्रत्येकाला त्याच बाजूस आणखी पीळ द्यावा. ते स्वतःभोंवतीं वळूं लागले म्हणजे एकमेकांशेजारीं धरून सैल सोडावे. ते उलट दिशेनें आपोआप एकमेकांस वेढतात. दोरखंड टिकतो तो याच न्यायानें. मग टोंकाशीं गांठ सरकवीत न्यावी, ओढून आवळूं नये. पहिला पीळ उलट बाजूस दिला तर मूळचाच पीळ उकलतो, तंतु एकमेकांवरून घसरतात आणि धागा हातांत निखळून येतो. नवशिक्यांची फजिती होते ती येथेंच, आणि दोष मात्र सुताला मिळतो! रेशमाची गोष्ट निराळी. तें बळकट पण गुळगुळीत, म्हणून त्याला दुहेरी गांठ लागते.

धुणें यानंतरचें. लोंकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाण्यांत चोळल्यानें ते एकमेकांत अडकतात. दशा मोकळ्या ठेवून उपरणें धुतलें तर त्यांचा नमदा होतो व धागे पुन्हा सुटे होत नाहींत. पीळ दिल्यावर कोमट पाण्यांत रिठ्याचा फेंस करून उपरणें त्यांत नुसतें दाबावें. पाणी निथळल्यावर सावलींत आडवें पसरावें, दशा हातानें सरळ कराव्या, आणि पूर्ण वाळल्यावरच गांठीखालचीं टोंकें कात्रीनें सारखीं करावीं.