राजाचा मान, सरसकट सगळ्यांना

सीरियाच्या ईशान्य टोकाला, तुर्कस्तानच्या सीमेलगत तेल फखरिया नावाचं पांढरीचं टेकाड आहे. १९७९मध्ये तिथे एका शेतकऱ्याच्या बुलडोझरला दगड लागला आणि मातीखालून निघाला काळ्या बसाल्टचा, जवळपास पुरुषभर उंचीचा पुतळा. दाढी, कुरळे केस, छातीशी जुळवलेले हात. पायघोळ वस्त्रावर पुढे अक्कादी भाषेत आणि मागे अरामी भाषेत लेख कोरलेला. हा इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला गुझानाचा सत्ताधीश हदद-यिसई. सम्राटांच्या अक्कादी भाषेत तो स्वतःला नुसता सुभेदार म्हणवतो, तर स्थानिकांच्या अरामी भाषेत थेट राजा!

बायबलच्या अभ्यासकांना मात्र दुसरंच घबाड मिळालं. अरामी लेखात या पुतळ्यासाठी दोन शब्द आले आहेत. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा, आपल्याशी सदृश असा घडवला, असं बायबलमधलं ‘उत्पत्ती’ हे पहिलं पुस्तक सांगतं, तिथे याच दोन शब्दांची हिब्रू भावंडं शेजारी शेजारी बसली आहेत.

त्या काळी राजाचा पुतळा शोभेपुरता नसे. जिथे राजा स्वतः हजर नाही, तिथे पुतळा त्याच्या जागी उभा असे. आणि राजा कोणाच्या जागी उभा? तर देवाच्या. इजिप्तच्या तुतनखामुनच्या नावाचा अर्थच ‘आमोन देवाची जिवंत प्रतिमा’ असा लावला जातो. रयतेच्या वाट्याला असला मान नव्हता. बाबिलोनच्या ‘एनुमा एलिश’ या सृष्टिकाव्यात माणूस घडतो तो एका पराभूत देवाच्या रक्तातून, आणि तोही कशासाठी, तर देवांच्या मागची कष्टाची कामं उपसायला.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात राजाचं नावही नाही. प्रतिरूपाचा मान तिथे माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला मिळतो, आणि ‘नर व नारी’ असा दोघांचाही स्पष्ट उल्लेख येतो.

हा मान अंगी कसा बाणवायचा? ज्यू परंपरेत हिल्लेल या गुरूंची एक गोष्ट सांगतात. शिष्यांनी विचारलं, कुठे निघालात? ते म्हणाले, धर्मकृत्य करायला. कोणतं? तर हमामखान्यात जाऊन अंघोळ. शिष्य चक्रावले. हिल्लेल यांनी समजावलं, की नाट्यगृहांत राजाचे पुतळे घासूनपुसून ठेवणाऱ्याला पगार मिळतो, वर दरबारात मानही मिळतो. मग देवाचंच प्रतिरूप असलेलं हे शरीर मी स्वच्छ ठेवायला नको?

चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पादोकिया प्रांतात, निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी हाच धागा थेट गुलामांच्या बाजारात नेला. प्रवचनात त्यांनी गुलाम बाळगणाऱ्यांना विचारलं, की देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती नाणी ठरवलीत? गुलामगिरी सगळ्यांनीच गृहीत धरलेल्या त्या काळात इतका रोखठोक सवाल विरळाच.

पुढे पंडितांनी हे प्रतिरूप माणसात नेमकं कुठे असतं, याचा शोध मांडला. ऑगस्टीन यांना ते स्मृती, बुद्धी आणि इच्छाशक्ती या त्रयीत दिसलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी बुद्धीवर भर दिला. मुख्य अर्थाने ते स्त्री-पुरुष दोघांतही आहे, असं सांगतानाच त्यांनी एका दुय्यम अर्थाने ते फक्त पुरुषाकडे ठेवलं. सरसकट वाटलेल्या मानाला अशी पायरी लागली. शिवाय बुद्धी हीच कसोटी धरली, तर तान्ह्या बाळाचं काय आणि स्मृतिभ्रंशाने घरच्यांची नावं विसरलेल्या आजोबांचं काय, हा पेच उरतोच.

बुद्धीच्या या मापाने काय होऊ शकतं, ते स्पेनने पाहिलं. अमेरिकेतले मूळ रहिवासी ही खरीखुरी माणसंच आहेत आणि त्यांना गुलाम करता येणार नाही, असं पोप पॉल तिसरे यांनी १५३७मध्येच जाहीर केलं होतं. तरीही १५५०-५१मध्ये वायादोलिदला वाद रंगला. सेपुल्वेदा या पंडिताने अॅरिस्टॉटलचा हवाला देत म्हटलं, की काही लोक जन्मतःच गुलामीसाठी असतात. बार्तोलोमे दे लास कासास हे धर्मगुरू त्याच्या विरोधात उभे राहिले. एके काळी त्यांनी स्वतःही मूळ रहिवाशांना वेठीस राबवलं होतं. वादाचा स्पष्ट निकाल कधी लागलाच नाही.

विसाव्या शतकात आरोप उलट दिशेने आला. उत्पत्तीत प्रतिरूपापाठोपाठच पशुपक्ष्यांवरची सत्ता येते. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलं, की पर्यावरणाच्या संकटाची मुळं या ख्रिस्ती शिकवणुकीत आहेत. माणूस स्वतःला निसर्गाचा धनी समजू लागला, तो इथूनच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या आरोपाची दखल घेतली. ख्रिस्ती माणसांनी कधीकधी या वचनांचा चुकीचा अर्थ लावला, हे त्यांनी मान्य केलं. मात्र देवाचं प्रतिरूप असणं म्हणजे इतर जिवांवर मनमानी करण्याचा परवाना, हा अर्थ त्यांनी ठामपणे फेटाळला. त्यासाठी त्यांनी उत्पत्तीच्याच दुसऱ्या अध्यायाचा आधार घेतला. तिथे देव माणसाला बागेत ठेवतो, तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी.