दोन उशा आणि एक खुर्ची

हृदयरोग्यांच्या व्यायामावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांपुढे आली ती ट्रेडमिल. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात गेले आणि सकाळभर थांबले ती एका साध्या खुर्चीपाशी.

खुर्ची भिंतीला टेकवलेली, आसनावर दोन जाड उशा. बायपास होऊन सहा दिवस झालेले एक काका त्यांवर बसले होते. कमरेला रुंद पट्टा, छातीशी कवटाळलेली तिसरी उशी; छातीचं हाड सांधेपर्यंत हातांवर जोर द्यायचा नाही म्हणून. ‘‘काका, पुढे सरका. पाय मागे घ्या. वाका... आता उठा. श्वास रोखू नका, मोठ्यानं आकडे म्हणा.’’ फिजिओथेरपिस्ट ताईंनी पट्टा धरला होता, ओढला नाही. मांड्या थरथरल्या आणि काका उभे राहिले.

खरी कसोटी पुढे होती. ताई त्यांना धपकन बसू देईनात. बसताना मांडीचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात. उठण्यापेक्षा प्राणवायू कमी लागतो आणि ताकद तर वाढते. दुबळ्या हृदयासाठी याहून शहाणा व्यायाम मला तरी दिसला नाही. पाच वेळा झाल्यावर ताईंनी नाडी पाहिली, दम किती लागला ते विचारलं. काकांना जमलं, की एक उशी कमी; बैठक जितकी खाली, तितकं उठणं अवघड. औषधाचा डोस वाढवावा तसा हा डोस उशीउशीनं वाढतो.

पूर्वी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अशा 81 रुग्णांना लवकर खुर्चीत बसवलं आणि 1952 साली ते अनुभव प्रसिद्ध केले. तिथून वारं फिरू लागलं.

काळजी वाटते ती घरची. बुटका दिवाण, खोल सोफा, आणि काखेत हात घालून बाबांना उचलणारा मायाळू मुलगा. ‘‘तुम्ही बसा, मी आणतो,’’ हे प्रेमच मांड्यांची उरलीसुरली ताकद घालवतं. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताच भोवळ येते ती वेगळीच. एकदा पडलं, की माणूस उठायलाच भितो. कितीतरी जणांना तर डिस्चार्जच्या कागदावर औषधं मिळतात, व्यायामाची एक ओळ मिळत नाही.

ती ओळ मागून घ्या. आणि रुग्णाला घरी न्यायच्या आधी घरातली खुर्ची जमिनीपासून किती उंच आहे, ते मोजून फिजिओथेरपिस्टना सांगा.