नदीवर फोनची बॅटरी लवकर का उतरते? आणि कमजोर नेटवर्कमध्येही मेसेज कसा पोचतो?

मासेमारीची बंदी संपली की नावा परत पाण्यात उतरतात. पण तापीचा पूर तारीख पाहून येत नाही. वर मुलताईकडे जोराचा पाऊस झाला की इकडे आभाळ कोरडं असतानाही पाणी चढू शकतं. अशा वेळी खिशातला फोन चालू असणं आणि त्यावर निरोप पोचणं हे जाळ्याइतकंच महत्त्वाचं. म्हणून फोन आणि टॉवर एकमेकांशी कसे बोलतात ते आज पाहू.

एक लहर नाही, शेकडो लहरी

४जीचा टॉवर सगळी माहिती एकाच रेडिओ लहरीवर टाकत नाही. ती वाटून शेकडो लहरींवर एकाच वेळी पाठवतो. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा १२०० लहरी असतात. लांब दोरीला एकच गळ लावण्यापेक्षा शंभर लावावेत, तसं हे. झाडं, टेकड्या, काठ यांवर आपटून काही लहरी कमजोर होतात, पण बाकीच्या काम करतात.

अडचण उसळीची

या लहरी सतत वर-खाली होतात. बहुतेक वेळा एक वर तर दुसरी खाली, म्हणून बेरीज बेताची राहते. पण मधूनच बऱ्याच लहरी एकदम वर येतात आणि मोठी उसळी येते. जाळं ओढताना सगळ्यांनी एकाच क्षणी हिसका दिला तर दोर तुटायची वेळ येते ना, तसंच. उसळीची ताकद सरासरीच्या दहापटही जाते. अ‍ॅम्प्लिफायरला ती झेपली नाही तर शेंडा कापला जातो आणि फाटक्या लाऊडस्पीकरसारखा सिग्नल बिघडतो. झेपावी म्हणून अ‍ॅम्प्लिफायर मोठा ठेवला, तर तो बहुतेक वेळ कमी दमावर चालतो आणि बरीच वीज नुसती गरम होण्यात जाते.

टॉवरला लाईट आहे, फोनला फक्त बॅटरी. म्हणून ४जीमध्ये फोनकडून टॉवरकडे जाताना माहिती आधी गणिताने अशी मिसळतात, की एकूण सिग्नल एकाच लहरीसारखा वागतो. उसळ्या कमी, बॅटरीची बचत. ५जी फोनलाही कमजोर सिग्नलमध्ये हीच पद्धत वापरता येते. टॉवरच्या बाजूला मात्र उसळ्यांचे शेंडे मोजूनमापून कापले जातात. त्यात जी थोडी चूक होते, ती पुढे दुरुस्त होते.

चूक दुरुस्त कशी होते?

निरोपासोबत जादा आकडे पाठवतात. जाळ्याच्या चार गाठी तुटल्या तर बाजूच्या गाठी पाहून आपण ते विणतो, तसं फोन जादा आकड्यांवरून हरवलेले आकडे शोधून काढतो. ४जीत यासाठी टर्बो कोड आहे, जो १९९३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी मांडला. ५जीचा डेटा एलडीपीसी नावाच्या कोडवर चालतो.

तरीही निरोप बरोबर जुळला नाही तर तो पुन्हा मागवला जातो. आधीची फाटकी प्रत फेकत नाहीत. दोन फाटक्या चिठ्ठ्या एकमेकींवर ठेवून वाचाव्यात, तशा दोन्ही प्रती जोडून वाचतात.

आपण काय करायचं?

• सिग्नल जितका कमजोर, तितका फोन जास्त जोर लावतो, सुमारे ०.२ वॅटपर्यंत. पुन्हा पुन्हा पाठवण्यातही बॅटरी जाते. रेंज अजिबात नसेल तिथे काम नसताना फोन फ्लाइट मोडवर टाका. मात्र त्या वेळात पुराचा इशारा किंवा फोन येणार नाही, म्हणून पावसाळी दिवसांत तो चालूच ठेवा.
• फोन पत्र्याच्या डब्यात किंवा नावेच्या तळाशी ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेवा.
• कॉल तुटत असेल तर एसएमएस करा. तो लहान असतो, आणि समोरच्याचा फोन रेंजमध्ये नसला तरी काही काळ थांबून नंतर पोचतो.
• व्हिडिओ आणि फोटो काठावर आल्यावर पाठवा. नदीवर असताना बॅटरी निरोपासाठी राखा.

कोणतं तंत्र असलं तरी जिथे सिग्नलच नाही तिथे ते हतबल आहे. म्हणून पाण्यात उतरण्याआधी कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी सांगूनच निघा. ही माहिती आपल्या नावेवरच्या सगळ्यांना जरूर वाचून दाखवा.