व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला पत्रा कोणता?

रेडिओतून आणि दूरचित्रवाणी संचांतून व्हॉल्व्ह हद्दपार होऊन अर्धशतक उलटले असले, तरी विजेच्या गिटारीच्या मुलखात त्या काचेच्या नळ्यांचा अंमल अद्याप कायम आहे. आणि असा ॲम्प्लिफायर स्वहस्ते जोडण्याची ज्यांना हौस आहे, ते मंडलाच्या आकृतीवर रात्री जागवतात, कपॅसिटरच्या जातींवरून हिरिरीने वाद घालतात, आणि ज्यावर हा सारा संसार उभा राहावयाचा ती चॅसी मात्र बाजारात हाताला लागेल ती उचलून आणतात. वस्तुतः चॅसीचा पत्रा हा नुसता पाट नव्हे. तो मंडलाचाच एक घटक आहे, आणि त्याच्या निवडीचा विचार सर्वांआधी व्हावयास हवा.

या बाबतीत लंडनचा एक दाखला उद्बोधक आहे. जिम मार्शल या ड्रमवादकाचे हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान होते. तेथे 1962 च्या सुमारास केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांनी फेंडर या अमेरिकन कंपनीच्या ‘बेसमन’चे मंडल जवळजवळ जसेच्या तसे उचलून जेटीएम-45 हा ॲम्प्लिफायर सिद्ध केला. फेंडरची चॅसी पोलादी होती. मार्शलकडील मंडळींनी ॲल्युमिनियम पत्करले. मोजक्या नगांच्या कारखानदारीला ते सोयीचेच होते. परंतु ‘द हू’च्या पीट टाउनशेंडसारख्या वादकांच्या आग्रहाखातर 1965 मध्ये शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर निघू लागले, ट्रान्सफॉर्मर जड झाले, त्यांच्या भाराने ॲल्युमिनियमच्या चॅशा खचू लागल्या, आणि लवकरच मार्शलनेही पोलादाचा आश्रय केला.

यावरून ॲल्युमिनियम नालायक, असा निवाडा देण्याची घाई करू नये. सारख्या जाडीचा पोलादी पत्रा ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट ताठ असतो, हे खरे. पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, ॲल्युमिनियमची जाडी साधारण दीडपट केली की ही तूट भरून निघते, आणि एवढे करूनही वजन पोलादाच्या निम्म्याच्या आसपासच राहते. चाळीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद आणि सहा खोल अशी चॅसी 1.2 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यात सुमारे 1400 ग्रॅम भरेल; 2 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियममध्ये ती सुमारे 800 ग्रॅमची होईल आणि ताठपणात पोलादाला मागे टाकील.

घरच्या कारागिराला ॲल्युमिनियमच मुनासिब, हे माझे मत प्रथमतः हत्यारांवरून बनले आहे. अष्टकोनी मांडणीच्या आठ पायांच्या व्हॉल्व्हचा सॉकेट बसवायचा तर सुमारे 29 मिलिमीटरचे भोक लागते, नऊ पायांच्या लहान व्हॉल्व्हला सुमारे 22 चे. पोलादात एवढे भोक साध्या हातड्रिलने पाडताना ऐन शेवटी टोक अडकते, पत्रा हातातून हिसडा घेऊन फिरतो आणि बोटे सोलवटतात; ॲल्युमिनियममध्ये तेच काम पायऱ्यापायऱ्यांच्या ड्रिलने, थोडे रॉकेल सोडीत, निमूटपणे होते आणि राहिलेली खरड अर्धगोल कानशीने सहज उतरते. स्टेनलेस स्टील दिसायला देखणे, पण भोके पाडताना ते ड्रिलांची अशी काही परीक्षा पाहते की त्याच्या वाटेला न जाणेच बरे.

मुख्य प्रश्न गुणगुणीचा. धातूच्या पेटीत घातले म्हणजे बाहेरचा उपद्रव संपला, असा एक दृढ समज आहे. विद्युत्क्षेत्रापुरता तो खरा आहे. भूमीशी जोडलेला कोणत्याही धातूचा पातळ पत्रा त्याचा बंदोबस्त करतो. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरमधून गळणारे 50 हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र मात्र ॲल्युमिनियममध्ये सुमारे 12 मिलिमीटर खोल गेल्यावर कोठे एक-तृतीयांशाच्या आसपास उरते; दोन मिलिमीटरच्या पत्र्याला ते काय जुमानणार? तांब्याची कथाही फारशी वेगळी नाही, मग त्यावर कितीही पैसे ओता. पोलाद चुंबकीय असल्यामुळे त्या क्षेत्राला आपल्याकडे ओढते खरे, पण ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या थेट पत्र्यावर टेकलेल्या असतील, तर तेच पोलाद ती गळती स्वतःच्या अंगातून थेट दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचवते. पोलादच वापरायचे असेल तर पितळेचे वॉशर घालून मध्ये काही मिलिमीटरची फट ठेवावी.

म्हणून गुणगुणीचा निकाल धातूपेक्षा मांडणीवर लागतो, आणि भोके पाडण्यापूर्वीच तो लावून घेण्याची एक जुनी, खात्रीची तजवीज आहे. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरची उघडी टोके नीट झाकून फक्त त्याला वीज द्यावी, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडील तारांना हेडफोन जोडावा, आणि तो ट्रान्सफॉर्मर कोऱ्या चॅसीवर हळूहळू फिरवीत व सरकवीत जावे; घरघर वाढते, ओसरते, आणि एका विवक्षित कोनात, बहुधा दोन्हींची वेटोळी काटकोनात आली की, जवळजवळ लोपते. तेथे पेन्सिलीने रेघ मारावी.

उरली भूमीची जोडणी. दोन ईएल-34 आणि तीन ईसीसी-83 (हा व्हॉल्व्ह एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही तयार होत असे) यांच्या फिलामेंटांना मिळून सुमारे 4 अँपिअर प्रवाह लागतो. त्याला परतीची वाट म्हणून चॅसी देऊ नये, पीळ घातलेल्या दोन तारांनीच त्याची ने-आण करावी. ॲल्युमिनियमला साधा डाख धरत नाही, आणि त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही. ॲनोडाइझ केलेल्या पत्र्यावर तर तो चांगलाच जाड असतो. तेव्हा भूमीच्या बोल्टाखालची जागा चकचकीत होईपर्यंत खरवडावी, दातेरी वॉशर घालावा, आणि तीन पिनांच्या प्लगची हिरवी तार त्या बोल्टावर स्वतंत्रपणे आवळावी. चॅसीच्या आत चारशेच्या घरातले व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही ते कपॅसिटरांत रेंगाळतात. त्यामुळे पत्रा उलटा करून आत हात घालण्यापूर्वी रेझिस्टरमधून ते रिते करावेत आणि मीटर लावून खात्री करून घ्यावी.