पद्मिनीचे ब्रेक आणि ताम्हिणीचा उतार

पौड ओलांडून मुळशी धरणाच्या काठाने रस्ता ताम्हिणीकडे निघतो आणि घाटातून माणगावच्या बाजूला कोकणात उतरेपर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची सोडतो. पाच माणसं बसलेली जुनी प्रीमियर पद्मिनी या रस्त्याने उतरत असेल, तर गाडी आणि माणसं मिळून वजन बाराशे किलोच्या घरात जातं. एवढं वजन पाचशे मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगात असताना पूर्ण थांबवली, तर १ लाख ६७ हजार ज्यूल जिरतात. घाट एकदा उतरणं म्हणजे असं पस्तीस वेळा थांबणं. यातली काही ऊर्जा वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, बरीचशी गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन खातं. बाकीची उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रममध्ये साठते. सगळी साठली असती, तर तेवढ्या उष्णतेवर बादलीभर, म्हणजे वीस लिटर, पाण्याला उकळी फुटली असती.

आता या उष्णतेला तोंड देणाऱ्या साखळीतला सगळ्यात नाजूक दुवा बघू. ड्रम ओतीव लोखंडाचे, ब्रेक शू पोलादी. पण चालकाच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो तो जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्यांतून आणि करंगळीएवढ्या रबरी होजमधून. जुन्या गाड्यांचे हौशी मालक रंग, क्रोम, सीटचं कापड यांवर जीव टाकतात, आणि ते समजण्यासारखं आहे. माझं म्हणणं एवढंच की खर्चाचा पहिला रुपया गाडीखाली जायला हवा, या नळ्यांवर.

द्रवाच्या एका टोकाला दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. माल्कम लॉकहीडने तो मोटारीच्या ब्रेकला लावला आणि १९२१च्या ड्यूझनबर्ग मॉडेल ए गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. हिशेब साधा आहे. पेडलवर तीस किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर दीडशे किलो पडतात. दट्ट्याचा व्यास १९ मिलिमीटर धरला, तर नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोहून जास्त दाब तयार होतो. टायरमधल्या हवेच्या हा साधारण पंचवीसपट. तोच दाब चाकाजवळच्या इंचभर व्यासाच्या व्हील सिलिंडरवर आला की एकेका शूला अडीचशे किलोहून मोठा रेटा मिळतो. वाटेत कुठेही एक सुई जाईल एवढं भोक पडलं, तर हे गणित त्याच क्षणी संपतं.

पद्मिनीच्या पिढीतल्या गाड्यांत ही गोष्ट जास्तच गंभीर आहे. मूळची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली, १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली आणि पाव शतक तिचं उत्पादन चाललं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. पण खासगी मालकांकडे, पुण्याच्या वाड्यांत आणि मुळशीकडच्या फार्महाउसच्या शेडमध्ये, त्या अजून आहेत. १९६०च्या दशकापर्यंत आराखडा झालेल्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर एकच आणि चारही चाकांचं सर्किटही एकच असे. आजच्या गाडीत दोन स्वतंत्र सर्किट असतात; एक गेलं तरी दुसरं निम्मे ब्रेक लावतं. एकेरी सर्किटमध्ये एक होज फुटला की चारही चाकं गेली. उरतो तो तारेने ओढला जाणारा हँडब्रेक.

सगळ्यात आधी जातं ते रबर. मागचा अॅक्सल अखंड असलेल्या अशा गाड्यांत बहुधा तीन होज असतात: पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या अॅक्सलला मिळून एक. चाकं वळतात, खड्ड्यात वरखाली होतात, तिथे पोलादी नळी टिकणार नाही म्हणून हा लवचीक तुकडा. आत रबराची नळी, तिच्यावर धाग्याची वीण, वर पुन्हा रबराचं आवरण. दाब पेलते ती वीण. आतलं रबर द्रव गळू देत नाही.

रबर मऊ राहतं, कारण त्याच्या लांबच लांब रेणूसाखळ्या गंधकाच्या पुलांनी मोजक्याच ठिकाणी एकमेकींना बांधलेल्या असतात. वर्षानुवर्षं उष्णता आणि ऑक्सिजन मिळत गेला की नवे पूल तयार होतात आणि जुने तुटतात. रबर कडक आणि ठिसूळ होतं. हवेतला ओझोन ताणलेल्या जागी साखळ्या कापतो, म्हणून बाकाच्या बाहेरच्या अंगाला बारीक आडव्या चिरा दिसतात. हे सगळं गाडी उभी असतानाही चालू राहतं. ‘गाडी फारशी चालवलीच नाही’ ही हमी होजच्या बाबतीत कामाची नाही. त्याचं वय कॅलेंडरवर मोजायचं, किलोमीटरमध्ये नव्हे.

बाहेरून होज धडधाकट दिसत असताना आतून बिघडलेला असणं, हा प्रकार फसवा आहे. आतलं रबर फुगतं किंवा त्याचा पापुद्रा सुटून आत लोंबतो. पाय दाबला की पन्नास किलोचा दाब द्रवाला त्यातून पुढे ढकलतो. पण पाय उचलल्यावर शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगचा जोर त्यामानाने किरकोळ असतो आणि द्रव परत येऊ शकत नाही. होज एकदिशा झडपेसारखा वागू लागतो. चाक धरून राहतं, ड्रम तापतो, गाडी एका बाजूला ओढते. अशा वेळी लोक व्हील सिलिंडर बदलतात, शू घासतात, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. खूण सोपी आहे: चाक जॅकवर उचलायचं, ब्रेक दाबून सोडायचा आणि चाक फिरत नसेल तर त्या चाकाचा हवा काढायचा ब्लीडिंग निपल किंचित सैल करायचा. दाबाने द्रव उडाला आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून पडला होता. मग मास्टर सिलिंडरजवळचा जोड सैल करून बघायचा. तिथे चाक सुटत नसेल आणि निपलपाशी सुटत असेल, तर दोष मधल्या होजमध्ये.

आता पोलादी नळ्या. त्यांच्या भिंतीची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर असते. थंड देशांत रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यांना खातं. मुळशीत हे काम पाऊस आणि लाल चिखल करतात. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पडतो. अशा हवेत चासीला नळी धरून ठेवणाऱ्या क्लिपखाली चिखल बसतो आणि महिनोन्महिने ओला राहतो. चिखलाखाली ऑक्सिजन कमी, बाजूला उघड्यावर जास्त; या फरकामुळे नळीच्या पृष्ठभागावरच एक लहानसा विद्युतघट तयार होतो आणि झाकलेला भाग झिजत जातो. गंज पसरत नाही, खोल जातो. म्हणून उघडी नळी कापडाने पुसून समाधान मानू नका. क्लिप काढून तिच्याखाली बघा.

गंज आतूनही येतो. ब्रेकच्या नेहमीच्या द्रवात ग्लायकॉल ईथर असतात आणि ते हवेतली वाफ शोषतात, होजच्या भिंतीतूनसुद्धा. ताज्या ‘डॉट ३’ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की मानक १४० अंशांवर समाधान मानतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात ड्रम तापले, उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत झिरपली आणि पाणी मुरलेला द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल मऊ होत थेट खाली जातं. गाडी ज्या गिअरमध्ये घाट चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवावी, हा जुन्या चालकांचा दंडक या रसायनशास्त्रावर चोख बसतो.

सगळ्या नळ्या बदलायच्या तर धातू कुठला? शुद्ध तांबं गंजत नाही, वाकतं झटकन, आणि म्हणून मोह होतो. पण सततच्या कंपनांनी ते कडक होऊन तडकतं. एसीच्या कामासाठी आणलेली तांब्याची नळी ब्रेकला लावू नये. मूळच्या नळ्या तांब्याने झाळलेल्या दुहेरी पोलादी पट्टीच्या असत, तशाच घ्याव्यात. नाहीतर तांबं आणि सुमारे दहा टक्के निकेल यांचा मिश्रधातू घ्यावा. व्होल्वोने १९७०च्या दशकात तो आपल्या गाड्यांत वापरायला घेतला. तो गंजत नाही आणि हाताने वळवता येतो. चिखलपाण्यात फिरणाऱ्या गाडीला मी हाच निवडेन.

नळीचं टोक फुलवणं हे खरं कसबाचं काम. हॅक्सॉने नाही, पाइप कटरने कापायचं, आतली कडा साफ करायची, नट आधीच नळीत ओवून ठेवायचा. फ्लेअर दुहेरी हवा: कडा आधी आत दुमडायची, मग शंकूसारखी उघडायची. एकेरी फुलवलेली पातळ कडा नट आवळताना चिरते, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. आट्यांचीही गल्लत होते. इटालियन वंशाच्या पद्मिनीत मेट्रिक आटे, ब्रिटिश वंशाच्या अॅम्बॅसेडरमध्ये इंची. १० मिलिमीटरच्या नटाच्या जागी तीन-अष्टमांश इंचाचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा नट बसल्यासारखा वाटतो, आवळलाही जातो, आणि घाटातल्या पहिल्या जोरदार ब्रेकला सुटू शकतो. जुना नट नव्याशेजारी धरून मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. होज लावताना पीळ पडू द्यायचा नाही, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तो कुठे घासत नाही ना हे बघायचं. तांब्याचा वॉशर दर वेळी नवा.

मग नळ्यांत शिरलेली हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे ते बहुतेक वेळा मागचं डावं. एकजण पेडलवर, एकजण चाकाशी: दाब, धरून ठेव, निपल बंद झाला, आता सोड. यात एक काळजी जुन्या गाडीला फार आवश्यक असते. रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरतो. त्यापलीकडचा भाग वर्षानुवर्षं कोरडा राहून गंजलेला असतो. ब्लीडिंग करताना पेडल तळाला टेकवलं, की रबरी सीलची ओठासारखी पातळ कड त्या गंजावरून घासून फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला तर नवा घातलेला खर्च वाचतो. ब्रेकच्या द्रवात इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये. त्याने सगळे सील फुगतात. आणि ब्रेकचा द्रव रंगावर सांडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उकलतो.

जुन्या गाडीच्या शौकिनांत ‘मूळचं तेच हवं’ हा आग्रह असतो आणि त्याला मान आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी केंद्राने २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांत चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा अशी अट आहे. नव्या होजने तिला धक्का लागत नाही. तरीही काही जण बंद पडलेल्या दुकानांतून कंपनीचा जुना, सीलबंद होज शोधून आणतात. पाकीट कोरं असलं तरी आतलं रबर तीस वर्षांचं झालेलं असतं. कुठल्याही मानकाचा भर नव्या मालावर आहे. अमेरिकेचं मानक पाहा: होजने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २८० किलोचा दाब दोन मिनिटं सोसायचा आणि यंत्रावर ३५ तास सतत वाकत-झुलत न फाटता राहायचं. ही परीक्षा कारखान्यातून निघालेल्या रबराने दिलेली असते. म्हणून होज घेताना आधी त्यावरची उत्पादनाची तारीख वाचा. जुनी असेल किंवा तारीखच नसेल, तर तो होज घेऊ नका. बदलल्यावर सगळ्या जोडांखाली कोरा कागद ठेवून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरा. कागद कोरा राहिला आणि पेडल जागचं हललं नाही, की आधी पिरंगुटच्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी चालवून पुन्हा जोड तपासा. त्यानंतर घाट.