ओव्हरहेड प्रोजेक्टरचा दिवा बदलताना

पंखा फिरतोय, पण पडद्यावर उजेड नाही, म्हणजे बहुधा दिवा गेला आहे. काही प्रोजेक्टरमध्ये जादा दिवा आतच असतो. बाहेरची कळ सरकवली की तो जागेवर येतो.

तशी सोय नसेल, तर आधी प्लग काढा आणि यंत्र पूर्ण थंड होऊ द्या. झाकण उघडून जुना दिवा सरळ ओढून काढा. त्याच्यावरचे व्होल्ट आणि वॅट पाहून नेमका तसाच दिवा आणा. २४ व्होल्ट, २५० वॅट आणि ३६ व्होल्ट, ४०० वॅट या दिव्यांच्या पिना सारख्याच असतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

नव्या दिव्याच्या काचेला बोट लावू नका. हॅलोजन दिव्याची ही क्वार्ट्झची काच प्रचंड तापते. बोटांचा तेलकटपणा आणि क्षार तिच्यावर राहिले, तर तिथे ती पांढुरकी होऊन कमजोर पडते. दिवा लवकर जातो, कधी फुटतोही. म्हणून तो वेष्टणासकट किंवा स्वच्छ कापडात धरून बसवा. हात लागलाच, तर स्पिरिटने पुसून कोरडा करा.

असे दिवे अनेकदा ५० ते ७५ तासच टिकतात. त्यामुळे एक दिवा नेहमी हाताशी असू द्या.